धामणीच्या लांकडाचें उलट्या टोकांचें धनुष्य

शेतकऱ्याचा लांकडाशीं संबंध जन्मापासूनचा आहे. जूं, कुळव, पाभर, कुऱ्हाडीचा दांडा, घराचा वांसा हीं सर्व लांकडाचीं कामें. परंतु लोखंडी अवजारें व ट्रॅक्टर आल्यापासून लांकूड ओळखण्याची दृष्टि गांवोगांवीं मंद होत चालली आहे. सुताराच्या दारांत उभें राहून "हें लांकूड दांड्यास चालेल, तें चालणार नाहीं," असें निश्चयानें सांगणारा शेतकरी आतां विरळा झाला आहे. ही दृष्टि पुन्हां तयार करावयाची असेल, तर एकाच फाकेंतून स्वतःच्या हातानें धनुष्य करून पाहणें यासारखा दुसरा अभ्यास नाहीं. जूं थोडें वांकडें झालें तरी बैल चालतो. दांड्यांत गांठ राहिली तरी कुऱ्हाड कांहीं दिवस काम देते. धनुष्य मात्र कोणताही दोष झांकून ठेवीत नाहीं. लांकडांतील प्रत्येक खोट आणि करणाराची प्रत्येक घाई तें ओढतांच उघडी करितें. म्हणून ही कृति येथें क्रमवार देत आहें.

उलटीं टोकें कशासाठीं?

धनुष्य ही वस्तु आपल्याकडे नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराच्या प्रकरणीं ताडाचें, वेळूचें, लांकडाचें व शिंगाचें असे धनुष्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. सातपुड्यांतील भिल्लांचा कमठा बांबूचा असून त्याची दोरीसुद्धां बांबूच्या चिरलेल्या पट्टीची करितात. मोगल अमदानींत जीं धनुष्यें नांवाजलीं गेलीं, त्यांत मधें लांकूड, पोटाला शिंग व पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतु, असे थर सरसानें चिकटविलेले असत. त्यांचीं टोकें पलीकडे वळलेलीं असत व मारा फार जोराचा असे. परंतु पावसाळी दमट हवेंत सरस सुटतो. याच अडचणीमुळें हिंदुस्थानांत पोलादी धनुष्येंही करीत. एकसंध लांकडाच्या धनुष्याला सरसाची ही अडचण नाहीं. तें आपल्या हवेला सोसतें, आणि त्यास लागणारें सामान बांधावर व सुताराच्या पेटींत मिळतें.

साधें सरळ धनुष्य ओढतांना आरंभीं हलकें लागतें व शेवटच्या चार बोटांत एकदम जड होतें. टोकें धनुर्धरापासून पलीकडे, म्हणजे निशाणाच्या दिशेस, वळविलीं असतां दोरी चढवितांच भुजांवर अधिक ताण येतो. त्यामुळें ओढ पहिल्या इंचापासून भरीव लागते. पुढें दोरी टोकांवरून हळूहळू सुटते, तेव्हां वळलेलें टोक तरफेसारखें काम करितें व शेवटचा जडपणा कमी होतो. तात्पर्य, हाताला पेलणाऱ्या तेवढ्याच वजनांत बाणाला अधिक जोर मिळतो. सन १९७२ मध्यें म्यूनिक येथें धनुर्विद्या ऑलिंपिक सामन्यांत पुन्हां दाखल झाली. तेथील आजचीं धनुष्यें धातूचीं व कार्बनच्या पट्ट्यांचीं असलीं, तरी त्यांचीं टोकें याच कारणानें वळविलेलीं असतात. सातारा जिल्ह्यांतील सरडे गांवचे प्रवीण जाधव सन २०२१ मध्यें टोकियो येथें अशाच धनुष्यानें देशातर्फे खेळले.

हा लाभ फुकटचा मात्र नाहीं. वळलेल्या टोकांमुळें भुजांवरील ताण वाढतो, आणि टोक केसभर जरी बाजूला गेलें तरी भुजा पिळवटते. म्हणून लांकडाची निवड प्रथम.

लांकडाची निवड

धनुष्य ओढलें म्हणजे त्याच्या पाठीवरील तंतु ताणले जातात व पोटावरील तंतु दाबले जातात. निशाणाकडील बाजूस पाठ व धनुर्धराकडील बाजूस पोट म्हणावें. पाठीवरील तंतु जर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतील, तर तें लांकूड आश्चर्य वाटावें इतका ताण सोसतें. ते मधें कोठें कापले गेले असतील, तर त्या ठिकाणीं प्रथम चीप उठते व मग धनुष्य मोडतें. या सर्व लेखाचें सार एवढेंच आहे: पाठ तोडूं नये, आणि पोट घाईनें तासूं नये.

यासाठीं करवतीनें कापलेली फळी टाळावी. करवत तंतूंची पर्वा करीत नाहीं. ती सरळ रेषेंत जाते व तंतु तिरपे कापून टाकते. पाचर ठोकून फोडलेलें लांकूड आपल्या तंतूंच्या वाटेनेंच फाटतें. कुऱ्हाडीच्या दांड्यासही हाच नियम लागू आहे. बाजारांतील करवती दांडे तिरपे मोडतात आणि फाकेचे दांडे वर्षानुवर्षें टिकतात, याचें कारण वाचकांच्या आतां लक्षांत येईल.

आपल्या प्रांतांत या कामास धामण उत्तम. येथें धामण म्हणजे उंदीर खाणारा साप नव्हे. पानझडी रानांत व डोंगरउतारावर आढळणारें झाड. त्याचें लांकूड चिवट व लवचीक असल्यानें कावडीचे दांडे, हत्यारांच्या मुठी व धनुष्यें यांकरितां तें पूर्वींपासून वापरांत आहे. संस्कृतांत त्यास धन्वन व धनुर्वृक्ष अशीं नांवें आहेत, हा त्याच्या गुणांचा जुना दाखलाच होय. त्याचा पाला गुरांस चालतो व अंतरसालीच्या वाखाचे दोर वळतात. एवढ्या उपयोगाचें झाड केवळ ओळख नसल्यामुळें सरपणांत जातें, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

धामण मिळत नसेल तर हाताशीं असलेल्या लांकडाची परीक्षा करावी. बोटाएवढी जाड, हातभर लांब अशी वाळलेली चिपाड फोडून घ्यावी व गुडघ्यावर हळूहळू वांकवावी. सोडतांच सरळ होणारें लांकूड कामाचें; वांकडेंच राहणारें मऊ; आणि न वांकतां काडकन मोडणारें ठिसूळ समजावें.

खोड ५ ते ६ इंच व्यासाचें, निदान ६ फूट सरळ व गांठींवांचून असावें. तोडण्यापूर्वीं सालीकडे नीट पाहावें. सालीवरील रेषा खोडाभोंवतीं वेलीसारख्या फिरत असतील तर आंतील तंतुही तसेच पिळलेले असतात. असें झाड उभेंच ठेवावें. त्यांतून धनुष्य निघत नाहीं.

तोड व वाळवण

तोड पौष-माघांत करावी. तोडतांच दोन्ही टोकांस मेण किंवा तैलरंग लावावा. हें काम दुसऱ्या दिवसावर टाकूं नये, कारण लांकडांतील पाणी टोकांतून सर्वांत लवकर निघतें व तेथूनच भेगा पडूं लागतात. नंतर एका टोकास पाचर लावून खोडाचे उभे दोन भाग करावे. साल हळूच सोलून काढावी. सालीखालीं जो गुळगुळीत, अखंड पृष्ठभाग दिसतो, तोच आपल्या धनुष्याची पाठ. त्यावर यापुढें कोणतेंही धारेचें हत्यार चालवूं नये. सोललेली पाठ उघडी ठेवल्यास फाटते. म्हणून तिच्यावर लाखेच्या रोगणाचा किंवा पातळ सरसाचा एक हात द्यावा.

फाक सावलींत, वाऱ्याच्या जागीं, जमिनीपासून उंच आडवी ठेवावी. उन्हांत ठेवूं नये व चुलीवरही टांगूं नये. अर्धें खोड तसेंच ठेवल्यास वाळण्यास सुमारें एक वर्ष लागतें. पोटाकडील जास्तीचें लांकूड कुऱ्हाडीनें व वांकसानें काढून ओबडधोबड आकार दिल्यास दोन-तीन महिन्यांतही तें तयार होतें. वाळलें कीं नाहीं हें अंदाजानें ठरवूं नये. दर आठवड्यास फाक कांट्यावर घालून वजन लिहून ठेवावें. तीन-चार आठवडे वजन तेंच भरूं लागलें म्हणजे फाक हवेशीं मिळाली असें समजावें. ओलें लांकूड वांकून तसेंच राहतें. अति सुकलेलें मोडतें. लांकडांत वजनाच्या शेंकडा ८ ते १० इतका ओलावा धनुष्यास मानवतो. म्हणून ताण देण्याचें काम भर पावसाळ्यांत करूं नये. तसेंच वऱ्हाड-मराठवाड्याच्या वैशाखांतल्या कोरड्या झळांतही करूं नये.

आंखणी व घडण

पुढील मापें साडेपांच फूट, म्हणजे ६६ इंच लांबीच्या व २६ इंच ओढीच्या धनुष्याचीं आहेत. नवशिक्यानें याहून आंखूड धनुष्याच्या नादीं लागूं नये. लांबी हीच त्याची सुरक्षितता.

पाठीवर गेरूच्या दोरीनें मध्यरेषा उमटवावी. तंतु किंचित् डावीउजवीकडे वळत असतील तर रेषाही त्यांच्याबरोबर वळवावी. मधोमध ४ इंच मूठ ठेवावी. ती सव्वा इंच रुंद व दीड इंच जाड असावी. मुठीच्या दोन्ही अंगांस २ इंचांचा उतार द्यावा. तेथून पुढें प्रत्येक भुजा २९ इंच भरते. भुजेची रुंदी पावणेदोन इंच धरून ती अर्ध्या लांबीपर्यंत तशीच न्यावी व पुढें निमुळती करीत टोकाशीं पाऊण इंचावर आणावी. टोक याहून बारीक करण्याची घाई नको; वळण दिल्यानंतर तें सरळ रेषेंत आणण्यासाठीं हीच शिल्लक उपयोगीं पडते. जाडी मुठीजवळ पाऊण इंचाहून थोडी कमी व टोकाशीं अर्धा इंच ठेवावी. सर्व तासणी पोटाच्या बाजूनें व कडांवरून करावी. प्रथम वांकस, नंतर रंधा, शेवटीं कानस असा क्रम ठेवावा. गांठ आलीच तर तिच्याभोंवतीं थोडें अधिक लांकूड राखावें.

येथें एक हिशेब ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. भुजेची रुंदी दुप्पट केल्यास तिचा ताठरपणा दुप्पट होतो. परंतु जाडी दुप्पट केल्यास तो आठपट होतो. उलट, जाडीचा फक्त दहावा हिस्सा काढला तर ताठरपणा चौथाईहून अधिक घटतो. म्हणजे कानशीचे चार जादा हात म्हणजे दहा पौंडांचें नुकसान. काढलेलें लांकूड परत चिकटवितां येत नाहीं.

आतां एक टोक जमिनीस टेकवून व मूठ धरून भुजा हलकेच दाबून पाहावी. दोन्ही भुजा थोड्या वांकूं लागल्या म्हणजे टोकें वळविण्याची वेळ आली.

टोकें वळविणें

सागवानी किंवा बाभळीच्या जाड तुकड्याचा एक सांचा करावा. शेवटचे ६ इंच टोक सांच्यावर बसलें असतां साधारण दोन इंच पाठीकडे वळेल, इतका बांक पुरे. तोंडाशीं फडकें गुंडाळलेल्या पातेल्यांत पाणी उकळत ठेवून टोकाचे ८-९ इंच वाफेंत धरावे. दर इंच जाडीस एक तास असा वाफेचा ठोकताळा आहे. म्हणजे अर्ध्या इंचाच्या टोकास अर्धा तास लागतो, पण पाऊण तास दिल्यास हरकत नाहीं.

वाफेंतून काढल्यावर काम क्षणांत उरकावयाचें असतें. म्हणून सांचा, दोऱ्या व मदतनीस आधींच तयार असावे. पाठ सांच्याला लावून टोक एकसारख्या दाबानें वळवावें व दोरीनें आवळून बांधावें. वळवितांना पोटाची बाजू बाहेरच्या अंगास येऊन ताणली जाते व तेथें चिपा उठण्याचें भय असतें. पत्र्याची पातळ पट्टी त्या बाजूवर धरून बरोबर वळविली असतां हें टळतें. थंड होईपर्यंत हात लावूं नये. एक दिवसानें सांच्यावरून काढून दुसरें टोक त्याच सांच्यावर, तेवढेंच वळवावें. नंतर वाफेचा ओलावा पुरता निघून जाण्यासाठीं धनुष्य आठ-दहा दिवस सावलींत ठेवावें. या दिवसांत त्यास ताण देण्याचा मोह होतो, तो आवरावा.

तोल साधणें

खरी कसोटी येथें आहे. भिंतीस आडवी खुंटी ठोकून तीवर मूठ बसवावी. टोकांस खांचा पाडून त्यांत धनुष्याहून थोडी लांब, सैल दोरी अडकवावी. त्या दोरीस आंकडा लावून दुसरा दोर खालच्या कप्पीवरून घ्यावा व मधें स्प्रिंगचा वजनकांटा जोडावा. दोर लांबून ओढणें सोयीचें, कारण चार पावलें मागें उभें राहिल्यावांचून दोन्ही भुजांचा बांक एका दृष्टींत येत नाहीं. आणि धनुष्य मोडलेंच तर तुकडे अंगावर येत नाहींत.

प्रथम फक्त तीन-चार इंच ओढून पाहावें. जेथें भुजा वांकत नाहीं तेथें कोळशानें खूण करावी. धनुष्य उतरवून पोटाकडून तेवढ्याच खुणेवर कांचेच्या तुकड्यानें किंवा सुरीच्या उभ्या धारेनें खरवडावें. जी जागा अधिक वांकते तिला हात लावूं नये. तिच्या दोन्ही बाजूंचें लांकूड कमी करून तिला बरोबरी द्यावी. खरवडल्यावर तेवढ्याच ओढीवर वीस-तीस वेळां सावकाश ओढावें, कारण लांकडास नवा बांक कळावयास वेळ लागतो. मग पुन्हां मागें जाऊन पाहावें. असें करीत एकेक इंच पुढें जावें.

पक्का नियम असा: धनुष्य ४० पौंडांचें, म्हणजे सुमारें १८ किलोग्रॅमचें, करावयाचें असेल तर कांट्यावर ४० पौंडांपुढें एकदाही ओढूं नये, मग ओढ दहा इंचच झालेली असो. तसेंच भुजा वेडीवांकडी वांकत असतां पुढें ओढूं नये. हे दोन नियम पाळणाराचें धनुष्य सहसा मोडत नाहीं.

बांक एकसारखा दिसूं लागला म्हणजे खरी दोरी चढवावी. दोरी व मूठ यांत ६ इंच अंतर पुरे. एका टोकाकडून डोळा लावून पाहावें: दोरी मुठीच्या मध्यावरून गेली पाहिजे व दोन्ही टोकांच्या पोटाकडील खोबणींत बसली पाहिजे. बाजूला जात असेल तर टोकाची जी शिल्लक रुंदी ठेविली होती, ती एका कडेनें काढून रेषा साधावी. फारच पीळ असेल तर वाफ देऊन तें टोक पुन्हां सरळ करावें. खालची भुजा वरचीपेक्षां किंचित् ताठ राहूं द्यावी. २४ इंचांवर ४० पौंड भरले म्हणजे कानस ठेवून द्यावी. कांचकागदानें घांसतां व पहिले शंभर बाण मारतां उरलेला फरक आपोआप निघतो. अखेर तिळाचें किंवा जवसाचें तेल मुरवून तुपकट फडक्यानें पुसून घ्यावें.

दोरी

अर्थशास्त्रांत दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायु इत्यादि जिनसा सांगितल्या आहेत. यांतील ताग, म्हणजे हिरवळीच्या खतासाठीं आपण पेरतों तो बोरूचा ताग, व रुई हीं आजही बांधावर आहेत. लांब, निवडक तंतु घेऊन त्यांचे बारीक पदर वळावे व मधमाशांच्या मेणांत घोळून तीन पदरी दोरी करावी. धनुष्याच्या वजनाच्या निदान चौपट भार दोरीनें पेलला पाहिजे. म्हणून वापरापूर्वीं ती दोन मणांच्या पोत्यानें टांगून पाहावी. ज्यांस खात्रीची वस्तु हवी त्यांनीं पॉलिएस्टरच्या तयार धाग्याची दोरी वापरावी. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

वापर व कायदा

बाण न लावतां ओढलेली दोरी कधींही सोडूं नये. जो जोर बाणानें न्यावयाचा तो धनुष्यालाच सोसावा लागतो व भुजा फुटते. बाणही फार हलका नसावा. ४० पौंडांस २६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सव्वादोन तोळ्यांचा बाण योग्य. काम संपतांच दोरी उतरवावी व धनुष्य आडवें ठेवावें. दर वेळीं पाठीवर चीप उठली आहे काय व पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात काय, हें बोट फिरवून पाहावें. यांपैकीं एकही खूण दिसल्यास तें धनुष्य भिंतीवर टांगावें. मुलाच्या हातीं देऊं नये. मोडणारें धनुष्य तोंडाजवळ मोडतें, हें विसरूं नये.

रानडुकरांनीं पीक उध्वस्त केल्यावर धनुष्याकडे पाहून वेगळा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शस्त्राच्या व्याख्येंत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि परवानगीवांचून शिकार हा गुन्हा आहे. पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे मुदतींत अर्ज करणें हाच मार्ग. तसेंच सन १९६४ च्या झाडें तोडण्याबाबतच्या कायद्यान्वयें महाराष्ट्रांत कांहीं जातींचीं झाडें स्वतःच्या मालकीच्या जमिनींतूनही परवानगीखेरीज तोडतां येत नाहींत. म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वीं चौकशी करावी. निशाणासाठीं कडब्याच्या घट्ट पेंढ्या पुरेत. मात्र त्यांच्या मागें मातीचा बांध असावा व वाट नसावी.

समारोप

एका धनुष्यास फाक वाळण्याचा काळ सोडून आठ-दहा दिवसांचें काम लागतें. पहिलें धनुष्य मोडलें तरी त्याचे तुकडे फेकून देऊं नयेत. कोठून मोडलें, पाठ कापली गेली होती कीं पोट एका जागीं अधिक तासलें गेलें होतें, हें ते स्पष्ट सांगतात. ज्यानें एक धनुष्य शेवटास नेलें, तो पुढें दांडा घेतांना तंतु पाहील, वांसा घेतांना पीळ पाहील, आणि सुतारास काय हवें तें नेमकें सांगेल. बांधावर धामण असेल तर तिला सरपणांतून वांचवावें. नसेल तर येत्या पावसाळ्यांत दोन रोपें लावावीं. तीं हाताशीं येतील तेव्हां त्यांचें लांकूड ओळखणारा माणूस घरांत असला पाहिजे. त्याची तयारी म्हणून या हिवाळ्यांत एक फाक सावलींत वाळत टाकावी.